एकाच कानात आवाज येतो

प्रश्न : वय ५२, शेती करतो. सोयाबीनची मळणी झाल्यापासून दीड महिना डाव्या कानात रातकिडा ओरडल्यासारखा आवाज येतो, रात्री जास्त. घरचे म्हणतात, लसणाचं गरम तेल टाका. टाकू का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : टाकू नका. पडद्याला छिद्र असेल तर तेल आत उतरून कान वाहू लागतो, आणि गरम तेलानं कानाची नाजूक कातडी भाजते.

आधी तोंड मिटून लांब हुंकार द्या. तो डाव्या कानात मोठा वाटला तर बहुधा मळाचा बोळा किंवा पडद्यामागे साचलेलं पाणी असतं. उजव्यात मोठा वाटला तर डाव्या कानाची नस कमजोर झाल्याचा संशय घ्यावा. हा फक्त अंदाज. खरं काय ते दुर्बिणीच्या तपासणीत आणि ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत, कळतं.

तुमच्या बाबतीत थ्रेशर आणि ट्रॅक्टरचा संशय आधी येतो. रोज आठ-आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज सोसला की आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. मागच्या अवजारावर नजर ठेवायला मान उजवीकडे वळवली की डावा कान इंजिनाकडे होतो, म्हणून त्याचंच नुकसान जास्त. कापसाचा बोळा पुरत नाही. फोमचा इअरप्लग बोटांनी पिळून बारीक करा, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढून तो आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा.

आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धपधपत असेल तर रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या; रक्तवाहिनीतला दोषही पाहावा लागतो. टिकटिक असेल तर जबड्याचा सांधा किंवा कानातल्या बारीक स्नायूची उबळ. दडा बसून घर फिरल्यासारखी चक्कर येत असेल तर आतल्या कानातल्या द्रवाचा दाब वाढलेला असू शकतो. एकदम फडफड सुरू झाली तर किडा गेलेला असतो; कान कधी फुटलेला वा वाहिलेला नसेल तर तिथं मात्र कोमट खोबरेल तेल चालतं. काडी, पिन घालू नका, किडा आणखी आत सरकतो.

एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर ‘दडा बसला, सुटेल’ म्हणत थांबू नका. त्याच दिवशी, फार तर ७२ तासांत डॉक्टर गाठा. स्टेरॉईडच्या गोळ्यांचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त मिळतो.

तुम्ही यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा. ऑडिओमेट्रीच्या आलेखात दोन्ही कानांत बराच फरक निघाला तर एमआरआय सांगतील. ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, एवढं त्यात पाहतात. असलीच तरी ती सहसा कॅन्सरची नसते आणि हळू वाढते. तोवर रात्री पंखा किंवा रेडिओ हळू सुरू ठेवून झोपा, शांततेत हा आवाज जास्त जाणवतो.