हजार पाने निभावली, साठ पानांना फसलो

‘मोठे काम निभावले आणि किरकोळ कामात तोंडघशी पडलो, आता स्वतःवर भरवसा कसा ठेवू?’ हा प्रश्न समुपदेशनात वारंवार येतो. केटरिंगचा व्यवसाय करणाऱ्या एका ख्रिस्ती तरुणाने (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) हजार पानांचे लग्न उत्तम पार पाडले. त्यानंतर साठ पानांच्या साखरपुड्यात जेवण कमी पडले आणि तो आलेल्या ऑर्डरी परतवू लागला.

“आखानासारखी देवाने शिक्षा केली,” असे तो म्हणाला, म्हणून बायबलमधील यहोशवाच्या पुस्तकातील सातवा व आठवा अध्याय आम्ही सोबतच वाचला. इस्राएली लोकांनी यरीहो हे मोठे नगर जिंकल्यावर त्यांचा नेता यहोशवा याने पाठवलेल्या हेरांनी आय हे नगर पाहून कळवले की तेथील लोक थोडे आहेत, सर्वांना दमवू नका, दोन-तीन हजार पुरेत. गेलेले सुमारे ३,००० जण पाठ दाखवून पळाले, सुमारे ३६ मारले गेले आणि लोकांच्या काळजाचे पाणी झाले. ग्रंथ या पराभवाचे कारण आखान या त्यांच्यातल्याच एकाने मनाई असलेल्या लुटीतून लपवलेला झगा, चांदी व सोने हेच सांगतो, आणि ते डावलून कथेचा सोयीचा अर्थ काढणे मला पटत नाही. पण या तरुणाने काहीच लपवले नव्हते. त्याचे साम्य हेरांशी होते. लग्नाची यादी त्याने पुनःपुन्हा तपासली होती. साखरपुड्याची मदतनिसाला फोनवरच सांगितली आणि पाहुण्यांचा आकडा यजमानांना विचारलाच नाही. स्वतःच्या कुवतीबद्दलचा त्याचा अंदाज बरोबरच होता, चुकला होता तो कामाचा.

आठव्या अध्यायावर आम्ही अधिक रेंगाळलो. यहोशवा त्याच नगरावर पुन्हा गेला, या वेळी सगळे सैन्य घेऊन. बेथेल आणि आय यांच्यामध्ये, नगराच्या पश्चिमेस, एक तुकडी दबा धरून बसली व उरलेल्यांनी पळण्याचे सोंग केले, कारण ‘हे पहिल्यासारखेच पळत आहेत’ असे शत्रूला वाटेल हा हिशेब होता. तसेच झाले: आयचे लोक वेशी उघड्या टाकून पाठलागाला धावले. पहिल्या विजयाने गाफील होण्याची पाळी आता त्यांची होती.

एखादे मोठे लग्न घेऊन पत परत मिळवण्याचा त्याचा बेत मी बाजूला ठेवायला लावला आणि त्या साखरपुड्याएवढ्याच आकाराचे काम घ्यायला सुचवले. त्याने एका बाप्तिस्म्याची ऑर्डर स्वीकारली. पुढच्या भेटीला आणलेल्या यादीत, पाहुण्यांचा आकडा कोणी व केव्हा पक्का केला, यासाठी त्याने वेगळा रकाना आखला होता.