ऑक्सिजनची सवय लागत नाही, पण त्याचा डोस असतो

तुमचा प्रश्न वाचला. वडील ६८ वर्षांचे, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा आज तिसरा दिवस. नाकातल्या नळीने २ लिटर ऑक्सिजन चालू आहे, नळी काढली की बोटावरच्या यंत्राचा (ऑक्सिमीटरचा) आकडा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९०-९१ वर उतरतो. आयुष्यात कधी दमा नाही, धाप नाही, मग आता ऑक्सिजन का लागतोय? आणि भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतोय, "लवकर बंद करा, नाहीतर सवय लागेल." घरी न्यायची वेळ आली तर काय, हेही तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं रिकव्हरी रूम आणि सर्जिकल वॉर्डात परिचारिका होते. हे सगळे प्रश्न मला तिथे रोज ऐकू यायचे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सवयीचं. ऑक्सिजनची सवय लागत नाही. ज्या कारणाने तो कमी पडतोय ते कारण आहे तोवर गरज राहते, कारण गेलं की गरजही जाते. नळी काढल्यावर आकडा घसरतो याचा अर्थ फुप्फुसं अजून पूर्ण उघडलेली नाहीत, एवढाच. या भीतीने रात्री हळूच नळी काढून ठेवणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

आता कारण. भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात, माणूस उताणा असतो, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर सरकतो. श्वास सोडल्यावरही फुप्फुसात जी हवा शिल्लक राहायला हवी, ती साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते. पाठीकडचे, खालचे भाग मिटतात. भूल दिलेल्या बहुतेक सगळ्यांचं थोडंफार असं होतंच, अगदी निरोगी माणसाचंही. हातापायाची शस्त्रक्रिया असेल तर हे भाग लवकर उघडतात. पोटाच्या वरच्या भागात चीर असेल तर मात्र तो पडदा पुढे कित्येक दिवस नीट हलत नाही. त्यात दुखतं म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो, खोकला दाबतो, कफ आतच राहतो. मिटलेल्या भागातून जाणारं रक्त ऑक्सिजन न घेताच परत येतं आणि बाकीच्या रक्तात मिसळतं. तुमच्या वडिलांचा ९१ हा आकडा बहुधा तिथून येतोय. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट असतात, पूर्ण सावरायला आठवडा किंवा त्याहून जास्त लागू शकतो.

रात्रीचं वेगळं सांगायला हवं. शस्त्रक्रियेच्या पहिल्या रात्री स्वप्नांची झोप जवळजवळ लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री शरीर ती भरून काढतं आणि त्या झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, श्वास अधूनमधून अडतो, ऑक्सिजन घसरतो. दिवसभर छान बोलणारा पेशंट रात्री घसरतो तो यामुळे. वडील एरवीही मोठ्याने घोरत असतील, झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, दिवसा सारखी डुलकी लागत असेल, तर हे डॉक्टरांना आजच सांगा. घरी झोपताना वापरायचं सीपॅपचं यंत्र (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं) असेल तर ते वॉर्डात आणून लावता येतं, फक्त आधी विचारा.

आकड्याबद्दल. बहुतेक पेशंटसाठी ९४ ते ९८ हे लक्ष्य धरतात. जुना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसाचा दीर्घ आजार) असलेल्या, किंवा ज्यांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका आहे अशा लोकांसाठी ८८ ते ९२. अशा पेशंटला भरमसाठ ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड वाढून तो गुंगीत जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना "आमचं लक्ष्य किती?" असं स्पष्ट विचारा आणि तेवढंच पाळा. ९० च्या आसपास एक वळण असतं हेही लक्षात असू द्या. त्याच्या वर रक्तातला ऑक्सिजन थोडा कमी-जास्त झाला तरी आकडा फारसा हलत नाही, त्याच्या खाली मात्र तो भराभर उतरतो. ९१ म्हणजे संकट नव्हे, पण हाताशी शिल्लक फार कमी आहे. आणि १०० दिसावं म्हणून लिटर वाढवत नेण्यात काही फायदा नाही. उलट हवेतला नायट्रोजन फुप्फुसाचे छोटे कप्पे फुगवून ठेवतो. त्याच्या जागी नुसता ऑक्सिजन भरला तर तो रक्तात शोषला जातो आणि कप्पे आणखी मिटतात. म्हणजे जास्त ऑक्सिजनने, ज्यासाठी तो लावला तेच दुखणं वाढू शकतं.

तुम्ही कदाचित ८० टक्के ऑक्सिजनबद्दल वाचलं असेल. जखमेत जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून शस्त्रक्रियेत आणि नंतरचे काही तास इतका ऑक्सिजन द्यावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची शिफारस होती. ती पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घातलेल्या प्रौढांपुरती होती, त्यावर बराच वाद झाला आणि २०१८ मध्ये तिचा जोर कमी केला गेला. तुमच्या वडिलांच्या तिसऱ्या दिवसाशी तिचा संबंध नाही.

सगळ्यांत कळकळीने सांगायची गोष्ट आता. बोटावरचं यंत्र ऑक्सिजन मोजतं, श्वास मोजत नाही. रिकव्हरी रूममध्ये असा पेशंट अनेकदा समोर यायचा: तोंडावर मास्क, आकडा ९८, नातेवाईक निर्धास्त, पेशंट शांत झोपलेला. जवळ जाऊन मास्ककडे पाहिलं की वाफेचा ठिपका उमटायला फार वेळ लागायचा. घड्याळ लावून मोजलं तर मिनिटाला ७ श्वास. हाक मारली तर डोळे अर्धवट उघडून पुन्हा मिटायचे. दुखणं थांबवायला दिलेल्या मॉर्फिनसारख्या औषधाने श्वासाची गती मंदावलेली असायची, कार्बन डायऑक्साइड साचत असायचा, आणि वरून सोडलेल्या ऑक्सिजनमुळे आकडा मात्र छान दिसायचा. तेव्हा आकड्यासोबत श्वासही मोजा, पूर्ण एक मिनिट, छाती वर गेली की एक. जागा असताना १२ ते २० असतात. १० च्या खाली गेले आणि पेशंटला उठवणं कठीण जात असेल तर आकडा कितीही असो, सिस्टरला लगेच बोलवा. उलट २५ च्या वर गेले तर तेही लगेच सांगा. फुप्फुसाचं काही बिघडत असेल तर श्वास आकड्याच्या आधी वाढतो.

यंत्रही फसवतं. बोट थंड असेल, नखाला रंग असेल, हात थरथरत असेल तर खोटा आकडा येतो. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर ते खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं. हात चोळून गरम करा, बोट स्थिर ठेवा, मिनिटभर थांबा. यंत्रावरचे नाडीचे ठोके मनगटावर मोजलेल्या ठोक्यांशी जुळले तरच आकड्यावर विश्वास ठेवा.

साधनांचं थोडक्यात. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. नाकातल्या नळीने दर लिटरमागे त्यात साधारण ३-४ टक्क्यांची भर पडते, आणि ती नळी ६ लिटरपर्यंतच वापरतात. साधा मास्क ५ लिटरच्या खाली चालवायचा नसतो, कारण सोडलेलाच श्वास आत कोंडतो आणि पेशंट तोच परत घेतो. पिशवीचा मास्क असेल तर श्वास घेताना पिशवी पूर्ण चपटी होता कामा नये. मोजून टक्केवारी द्यायची असेल तेव्हा व्हेंच्युरी मास्क लावतात.

पण ऑक्सिजनने फक्त वेळ मिळतो. नळी सुटते ती फुप्फुसं उघडल्यावर, आणि ते काम तुम्ही घरची माणसं खूप मोठ्या प्रमाणात करू शकता.

पहिलं, त्यांना उताणं झोपवून ठेवू नका. पलंगाचं डोकं उचला. त्याहून चांगलं म्हणजे डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर खुर्चीत बसवा. नुसतं बसल्याने आकडा दोन-तीनने चढलेला मी कितीतरी वेळा पाहिलाय. दुसरं, वेदना सहन करायला लावू नका. "पेनकिलर शक्यतो नको" हा हट्ट या दिवसांत महागात पडतो, कारण दुखणारा माणूस खोल श्वास घेतच नाही. गोळी किंवा इंजेक्शनची वेळ झाली की मागून घ्या, आणि व्यायाम, चालणं त्यानंतर अर्ध्या तासाने करा.

खोकला कसा काढायचा ते नीट सांगते, कारण इथे सगळे घाबरतात. त्यांना बसवा, पाय टेकलेले, किंचित पुढे वाकलेले. एक घट्ट उशी किंवा घडी केलेला टॉवेल टाक्यांवर दोन्ही हातांनी दाबून धरायला सांगा. नाकाने सावकाश खोल श्वास, दोन-तीन सेकंद आत धरायचा, मग सोडायचा. असं तीन-चारदा. मग तोंड उघडं ठेवून, काचेवर वाफ धरताना सोडतो तसा जोराचा "हाः". कफ वर आला की एक खोकला, उशी आणखी घट्ट दाबून. असं केल्याने टाके उसवतील ही भीती बाळगू नका, उशीचा आधार त्यासाठीच आहे. जागेपणी दर तासाला एकदा करा.

श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र दिलं असेल तर त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. जोरात ओढून तिन्ही चेंडू एका झटक्यात उडवण्यापेक्षा एक-दोन चेंडू सावकाश वर धरून ठेवणं जास्त उपयोगी. नुसत्या या यंत्राने गुंतागुंत टळते असा भक्कम पुरावा नाही. माझ्या मते त्याचा मोठा फायदा म्हणजे ते समोर दिसलं की श्वासाची आठवण होते. खरं औषध चालणं आहे. पलंगापासून दारापर्यंत का होईना, दिवसातून अनेकदा. नळी लावूनही चालता येतं.

घरीही ऑक्सिजन लागणार असेल तर डॉक्टरांकडून चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: किती लिटर, दिवसातून किती तास, कोणता आकडा राखायचा, परत कधी दाखवायचं. कॉन्सन्ट्रेटर खोलीतल्या हवेतून नायट्रोजन वेगळा काढतो आणि साधारण ९० ते ९६ टक्के ऑक्सिजन देतो. तो विजेवर चालतो, म्हणून जोडीला भरलेला सिलिंडर हवाच. हिशेब सोपा आहे: १५०० लिटरचा सिलिंडर मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास पुरतो. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण आग भडकवतो. त्या खोलीत विडी-सिगारेट, उदबत्ती, निरांजन काहीही नको, आणि गॅसच्या शेगडीपासून किमान दोन-तीन मीटर लांब. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलिन किंवा तेल लावू नका, पाण्याचं जेल मिळतं ते लावा. ऑक्सिजन ओलसर करायची पाण्याची बाटली जोडलेली असेल तर त्यात डिस्टिल्ड पाणी, रोज बदललेलं. नळी कानांमागे रुतते तिथे मऊ गॉज ठेवा आणि रोज त्वचा पाहा.

कमी करताना डॉक्टरांनी सांगितल्यावर अर्ध्या किंवा एक लिटरने करायचं. बसून आकडा चांगला आला म्हणून लगेच बंद करू नका. चालल्यावर किती राहतो आणि झोपेत किती राहतो, हेही पाहायला हवं. बहुतेकांची आधी दिवसाची नळी सुटते, मग रात्रीची.

काही गोष्टींत मात्र वाट पाहायची नाही. कमी होत आलेली गरज अचानक वाढली, छातीत टोचायला लागलं, एका पायाची पोटरी सुजली किंवा दुखू लागली, कफातून रक्त आलं, ताप येऊन कफ पिवळा-हिरवा झाला, ओठ निळसर दिसले, किंवा वडील असंबद्ध बोलू लागले, तर लिटर वाढवून घरी बसू नका. पायातली गुठळी फुप्फुसात जाणं, न्यूमोनिया, छातीत हवा किंवा पाणी साठणं, यातलं काहीही असू शकतं. निघताना ऑक्सिजन चालूच ठेवा आणि थेट इमर्जन्सीत न्या.

आज संध्याकाळी त्यांना खुर्चीत बसवून दहा मिनिटांनी आकडा आणि श्वास, दोन्ही मोजून इथे लिहा. सोबत पेनकिलर कोणतं आणि किती वेळाने चालू आहे तेही लिहा, मग राऊंडला डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते मी सांगते.