बावीस वर्षं थांबलो ते याच्यासाठी?

गेल्या अंकात 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' या रॉक बँडच्या २०१३ च्या 'एम बी व्ही' अल्बमबद्दल (१९९१ च्या गाजलेल्या 'लव्हलेस'नंतरचा त्यांचा थेट पुढचा अल्बम) चार ओळी लिहिल्या आणि वर विचारलं की तुम्हाला काय वाटलं ते कळवा. वाटलं होतं दोन-तीन लोक लिहितील. झालं भलतंच, भांडायला बरेच जण आले. जमेल तेवढ्यांना उत्तरं देतोय, आधी पत्र आणि खाली माझं उत्तर.

काका, मी १९ वर्षांचा, सातारा. तुम्ही सांगितलं म्हणून ऐकला. पहिलं गाणं लागलं आणि मला वाटलं इअरफोन गेला. मित्राचा लावला तर तोही गेलेला! मागे कोणीतरी मिक्सर लावलाय आणि शेजारच्या खोलीत एक बाई गुणगुणतेय. शब्द एक कळत नाही. हे मुद्दाम असं आहे का?

अरे दोन्ही इअरफोन ठणठणीत आहेत, टाकू नकोस. हो, मुद्दामच आहे. बँडचा म्होरक्या केविन शील्ड्स गिटारचा ट्रेमोलो दांडा (तारा सैल-ताठ करणारा) हातात धरूनच तारा छेडतो, त्यामुळे सूर एका जागी थांबतच नाही, सारखा वर-खाली सरकत राहतो. आपल्याकडे मींड म्हणतात ना, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तसं काहीतरी पण अख्ख्या कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचं, आणि प्रचंड मोठ्या आवाजात. म्हणून ते टेप ओढल्यासारखं वाटतं. आणि या बँडमधली गाणारी बाई म्हणजे बिलिंडा बुचर. तिचा आवाज ते गिटारच्या वर नाही, आत ठेवतात. 'लव्हलेस'च्या वेळी तर ती बऱ्याचदा सकाळी झोपेतून उठल्या उठल्या गायची, तो पेंगुळलेपणा नंतर तिची ओळखच झाला. शब्द शोधायचे नाहीत. तानपुऱ्याचे शब्द कोण शोधतं? एक कर, हे गाणं सोड आणि सहावं 'न्यू यू' लाव, त्यात सरळ चाल आहे, पाय हलेल. मग मागे ये.

मी ठाण्याचा, वय ५१. 'लव्हलेस' १९९४ साली ऐकला, चुलतभावाने लंडनहून सीडी आणली होती. तेव्हापासून पुढच्याची वाट बघितली. बावीस वर्षांनी हातात काय आलं, तर तेच, थोडं फिकं आणि अर्धवट मिक्स केल्यासारखं. नवीन पोरं उगाच डोक्यावर घेतात आणि तुम्ही समीक्षक भावनेच्या भरात वाहून जाता. खरं सांगा, हाच अल्बम कोणा नवीन बँडने काढला असता तर एक ओळ तरी लिहिली असती का?

साहेब, आधी एक बारीक खोड काढतो. 'लव्हलेस' नोव्हेंबर १९९१ चा आणि हा फेब्रुवारी २०१३ चा, म्हणजे २१ वर्षं आणि तीन महिने. बावीस सगळेच म्हणतात, मीही म्हणतो, वाट बघणाऱ्याचं गणित असंच वर जातं.

आता तुमचा मुद्दा. अर्धा मान्य. पहिली तीन गाणी मी डोळे मिटून ऐकली तर १९९२ मध्ये आली म्हणून कोणी सांगितलं तरी पटेल. आणि त्याला कारण आहे. 'लव्हलेस' संपेपर्यंत यांचे दोन वर्षांत १९ स्टुडिओ फिरून झाले होते, खर्चाचे आकडे तर असे पसरले की शील्ड्स आजही ते नाकारतो, आणि क्रिएशन या त्यांच्या कंपनीने हात टेकले. मग आयलंड या दुसऱ्या कंपनीशी करार झाला, लंडनच्या स्ट्रेटममध्ये घरातच स्टुडिओ बांधला, त्यात अडचणी आल्या, एकेक जण बाहेर पडला आणि शील्ड्स एकटा राहिला. 'एम बी व्ही' मधलं बरंचसं सामान त्या १९९६-९७ च्या काळातलं आहे. म्हणजे तुम्हाला जुनं वाटतंय कारण ते खरंच जुनं आहे, फडताळात ठेवलेलं लोणचं आहे ते. २००६ च्या सुमाराला त्याने परत झाकण उघडलं, २००८ मध्ये बँड पुन्हा स्टेजवर आला, आणि अल्बम पूर्ण व्हायला २०१२ चा डिसेंबर उजाडला.

पण तुम्ही पूर्ण ऐकला का हो? माझा संशय असा की १९९१ वाली मंडळी पहिल्या तीन-चार गाण्यांवरच निकाल देऊन मोकळी होतात. ९ गाणी, ४६ मिनिटं, आणि त्याचे सरळ तीन तुकडे पडतात. पहिली तीन गिटारची, ओळखीची. मधली तीन मऊ, कीबोर्डची, त्यात 'इज धिस अँड येस' मध्ये तर गिटार जवळजवळ गायब. आणि शेवटची तीन, तिथे ड्रम्स ताबा घेतात आणि हा बँड पूर्वी कधी गेला नव्हता तिथे जातो. 'नथिंग इज' म्हणजे साडेतीन मिनिटं एकच तुकडा, नुसता परत परत, हळूहळू मोठा होत. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं फाइल अडकली. म्हणजे तुमचं भांडण नवीन पोरांशी नाहीच आहे, तुम्ही लोक अल्बमची दोन वेगवेगळी टोकं धरून ओढताय. तुम्ही सुरुवात ऐकता, ते शेवट ऐकतात.

नवीन बँडने काढला असता तर? शेवटच्या तिघांवर लिहिलं असतं. पहिल्या तिघांवर "यांनी लव्हलेस फार ऐकलेला दिसतो" असं लिहून पुढे गेलो असतो, कबूल.

भावनेचं म्हणाल तर तोही आरोप थोडा मान्य. २ फेब्रुवारीच्या रात्री त्यांनी कुठलीही कंपनी मध्ये न घेता स्वतःच्या वेबसाइटवर अल्बम टाकला आणि वेबसाइट झोपली. आपल्याकडे रविवारची पहाट. मी चहा ठेवून रिफ्रेश मारत बसलेलो, समोर सारखं ४०३ एरर, म्हणजे आत यायला मनाई, लोक म्हणायला लागले अल्बमचं नावच ४०३ आहे. दोन चहा झाले तरी तेच. एवढं केल्यावर माणूस तटस्थ राहतो का, तुम्हीच सांगा.

नमस्कार. मी नागपूरची, शाळेत शिकवते, या प्रकारचं संगीत पहिल्यांदाच ऐकलं. बाकीचं ठीक वाटलं पण शेवटचं गाणं घरात सगळ्यांनी बंद करायला लावलं, विमान उतरतंय असं म्हणाले. मला मात्र तेच सगळ्यात आवडलं, तीनदा ऐकलं. माझं काही चुकतंय का?

मॅडम, तुमचं पत्र वाचून मी खुर्चीतून उठलो. काहीही चुकत नाहीये. 'वंडर २' हे ते गाणं. त्याच्या पोटात जंगल नावाच्या नाचाच्या संगीताचे ताल आहेत, लंडनमध्ये नव्वदच्या दशकात जोरात होतं ते. आणि त्या अख्ख्या गोष्टीवर असा इफेक्ट फिरवलाय की आवाज डोक्यावरून जातोय असं वाटतं. घरच्यांचं विमान अगदी बरोबर आहे, त्यांचे कान चांगले आहेत. पण त्या गोंगाटाच्या आत एक साधी, थोडी उदास चाल चाललीय ती तुम्हाला सापडली. जुन्या चाहत्यांना हे गाणं खटकतं कारण ते 'लव्हलेस' शोधत येतात. तुम्ही काहीच शोधत नव्हता.

फक्त आवाज बेताचा ठेवा. या बँडच्या २००८ च्या कार्यक्रमांत दारात इअरप्लग वाटले होते, विसर्जनाच्या डीजेसमोर उभं राहिल्यावर छातीत कसं होतं तसं तासभर.

'स्लोडाइव्ह' या बँडचा २०१७ चा अल्बम याच्यापेक्षा चांगला नाही का? तेही बावीस वर्षांनीच आले ना? (एक वाचक, पणजी)

हो, १९९५ ते २०१७, इथे गणित नीट बसतं. त्यांनाही क्रिएशननेच नारळ दिला होता. ऐकायला जास्त सोपा आणि गोड अल्बम, पाहुण्यांसमोर लावता येतो. मी तो जास्त वेळा ऐकतो. पण भांडावंसं वाटतं ते 'एम बी व्ही' वरूनच.

कुठे ऐकायचा? आणि पुढचा कधी? (कोल्हापूर)

२०२१ पासून स्ट्रीमिंगवर आहे, डोमिनो कंपनीशी करार झाल्यावर जुना माल तिथे आला. जमलं तर एलपीवर ऐका, ती पूर्ण अ‍ॅनलॉग पद्धतीने बनवलीय. त्याच वेळी शील्ड्स म्हणाला होता की आणखी दोन अल्बम येतायत. चहा ठेवा.