वचन अर्धं वाचू नका : बायबल आणि बायकांविषयी वाचकांचे प्रश्न

बायबल आणि बाई हा विषय निघाला की माझ्याकडे तेच ते प्रश्न येतात. शरणपूरच्या आजी चिठ्ठी पाठवतात, सिडकोतली इंजिनियर मुलगी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं चित्र पुढे ढकलते, पण शंका एकच असते. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देते. नावं काढून टाकली आहेत. मी बायबल शिकवते. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. हे आधीच सांगते, कारण यातल्या निम्म्या प्रश्नांचं खरं उत्तर त्या दोघांकडे आहे.

देवाने आधी आदामाला केलं, मग त्याच्या फासळीपासून हव्वेला. म्हणजे बाई दुय्यमच ना? (नाशिकरोड)

नाही. उत्पत्ती 1:27 वाचा, नर आणि नारी दोघंही देवाच्या प्रतिरूपाची. आधी-नंतरचाच हिशोब लावायचा तर त्या अध्यायात गुरंढोरं आदामाच्याही आधीची आहेत.

पाळी असताना चर्चला गेलेलं आणि प्रभुभोजन घेतलेलं सासूबाईंना चालत नाही. लेवीय पुस्तकात तसं लिहिलंय म्हणतात. (सिडको)

लेवीयच्या 15व्या अध्यायात सात दिवसांचा विटाळ लिहिला आहे, हे खरं. पण त्याच अध्यायात पुरुषांचाही विटाळ लिहिलाय, तो सासूबाईंनी सासऱ्यांना कधी लावला का? मार्कच्या पाचव्या अध्यायातली बाई बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी होती. ती गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवली. त्याने तिला झिडकारलं नाही, सगळ्यांदेखत ‘मुली’ म्हणून हाक मारली. आपल्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा कॅथलिक चर्चचा असा कुठलाही नियम नाही. जा, आणि प्रभुभोजन घ्या. पत्राच्या शेवटी पाळी दहा-बारा दिवस चालते असं लिहिलंय, तेवढ्यासाठी मात्र या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

मग्दालीया मरीया ही वेश्या होती ना? (देवळाली कॅम्प)

चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या पुस्तकांत, असं एक अक्षर नाही. लूकच्या सातव्या अध्यायात एक निनावी पापी स्त्री येते आणि आठव्याच्या सुरुवातीला मरीयेचं नाव येतं, तिच्यातून सात भुतं निघाली होती असं. इसवी सन 591मध्ये पोप ग्रेगरी यांनी प्रवचनात दोघींना एक करून टाकलं आणि तेव्हापासून चित्रकारांपासून नाटकवाल्यांपर्यंत सगळ्यांची सोय झाली. कॅथलिक चर्चने 1969च्या दिनदर्शिकेत ही गल्लत काढली. 2016 साली तर 22 जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. पुनरुत्थित येशू आधी तिला दिसला, आणि शिष्यांना जाऊन सांग हे काम त्याने तिच्यावर सोपवलं (योहान 20). संडे स्कूलमध्ये अजून जुनंच शिकवत असतील तर शिक्षकांना जाऊन भेटा.

माझ्या धाकट्या बहिणीला नवरा मारतो. त्यांचे पाळक (चर्चचे धर्मगुरू) म्हणतात, पत्नीने पतीच्या अधीन असावं हे देववचन आहे, तू प्रार्थना कर, तो बदलेल. चार वर्षं झाली. आम्ही काय करावं? (पंचवटी)

आधी काय करायचं ते सांगते, बायबल नंतर. बहिणीला आज माहेरी आणा. अंगावर मार असेल तर सिव्हिल हॉस्पिटलला न्या आणि कशाने लागलं ते डॉक्टरांना खरं सांगू द्या. केसपेपरवर एकदा ‘बाथरूममध्ये पडून’ असं लिहिलं गेलं की पुढे वकिलाला तेच आडवं येतं. जिवाला धोका वाटला तर 112, सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन 181. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिला राहत्या घरातून मनमानीने हाकलता येत नाही. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही.

आता वचन. इफिसकरांस पत्र, अध्याय 5, वचन 22. हे एक वचन लोकांना दिवसाच्या पंचांगासारखं पाठ असतं. त्याच्या आधीचं 21वं मात्र कोणी म्हणून दाखवत नाही. त्यात सगळ्यांनाच सांगितलंय की ख्रिस्ताचं भय बाळगून एकमेकांच्या अधीन असा. मुळात पत्राला वचनांचे आकडे नव्हतेच. नव्या कराराला आज वापरतो ते आकडे 1551मध्ये एका छपाईदाराने घातले. मधले मथळे तर प्रकाशकांचे. ‘पती आणि पत्नी’ असा ठळक मथळा बरोबर 21 आणि 22च्या मध्ये बसवला की एकाच विचाराचे दोन तुकडे होतात, आणि ज्याला जो हवा तो तुकडा तो उचलतो.

पुढे वाचा. पत्नीला पौल, म्हणजे हे पत्र लिहिणारा प्रेषित, तीन वचनं सांगतो. मग 25पासून अध्याय संपेपर्यंत बहुतेक सगळं पतीला आहे. ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, स्वतःला दिलं तशी प्रीती कर, स्वतःच्या शरीरावर करतोस तशी कर, आपल्या देहाचा कोणी द्वेष करत नाही, त्याचं पोषण करतो. कलस्सैकरांस 3:19 पतीला निष्ठुर वागू नकोस म्हणतं. आणि पेत्राचं पहिलं पत्र, 3:7, सांगतं की पत्नीला मान दिला नाही तर पतीच्या प्रार्थनांना अडथळा येतो. प्रार्थनेचा आग्रह धरणाऱ्या पाळकांना हे वचन जरूर दाखवा.

एका बाईने मला नवऱ्याचं बायबल आणून दाखवलं होतं. 22व्या वचनाखाली निळ्या बॉलपेनने इतकी दाबून रेघ मारलेली की पानाच्या मागे उमटली होती. 25वं वचन त्याच पानावर, कोरं.

अधीनतेचा अर्थ काय, यावर ख्रिस्ती लोकांत प्रामाणिक मतभेद आहेत. काही मंडळ्या मानतात की घरात पती मस्तक आहे आणि ही रचना देवाचीच आहे. इतर म्हणतात, पौल रोमन काळातल्या घरांना लिहीत होता, तिथे बापाचा शब्द कायदा होता, अशा घरात पतीला इतकी कर्तव्यं सांगणं हीच मोठी गोष्ट होती आणि रोख परस्पर अधीनतेकडे आहे. मी दुसऱ्या बाजूची. पण पहिल्या बाजूचे माझे सहकारीही हात उचलण्याचं समर्थन करत नाहीत. मार हा मतभेदाचा विषयच नाही.

‘सहन कर’ म्हणणाऱ्यांना कायद्याचीही साथ होती, हेही सांगते. 1869च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती पुरुषाला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बाईला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराला क्रूरतेची किंवा टाकून देण्याची जोड द्यावी लागे. नुसत्या मारासाठी घटस्फोट मिळत नसे. ही अट 2001च्या दुरुस्तीने गेली. आज क्रूरता हे एकटं कारण पुरतं. घटस्फोट घ्यावा की नाही हे मी सांगणार नाही, ते बहिणीने वकिलाशी बोलून ठरवावं.

पाळकांना भेटा, पण तिला एकटीला पाठवू नका, आणि नवऱ्याला शेजारी बसवून समेट तर मुळीच नको. ते ऐकत नसतील तर त्यांच्या वरिष्ठांकडे जा. प्रार्थना करावी का? करावी. माहेरी बसून.

‘आदर्श ख्रिस्ती पत्नी’ असं दोन दिवसांचं शिबिर आहे. फी साडेतीन हजार, सोबत अभिषेकाच्या तेलाची बाटली. नवरा सुधारतो म्हणतात. जाऊ का? (इंदिरानगर)

पैसे वाचवा. याकोबाच्या पत्रात मंडळीचे वडील आजाऱ्याला तेल लावतात, पण बाटलीचा भाव त्यात दिलेला नाही. अशा शिबिरांच्या पोस्टरवर हमखास नीतिसूत्रे 31 असतं, आणि त्यातलं नेमकं पहाटे उठून स्वयंपाकाला लागणं तेवढं छापतात. त्या अध्यायातली बाई पारखून शेत विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, माल व्यापाऱ्यांना विकते. ‘आदर्श पती’ शिबिर कधी आहे, एवढं आयोजकांना विचारून पाहा. घरात खरंच बिनसलं असेल तर प्रशिक्षित समुपदेशकाकडे जा, आणि दोघंही जा.

स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं 1 करिंथ 14:34 सांगतं. मग बायका उपदेश कशा करतात, पाळक कशा होतात? (सातपूर)

त्याच पत्रात तीन अध्याय आधी, 11:5मध्ये, तोच पौल बायकांनी प्रार्थना करताना आणि संदेश देताना मस्तक झाकावं म्हणतो. बायका उपासनेत बोलत होत्या म्हणूनच ना? त्यामुळे 14व्या अध्यायातलं गप्प राहणं सरसकट असू शकत नाही. काही जुन्या हस्तलिखितांत ही वचनं अध्यायाच्या शेवटी आहेत, म्हणून ती नंतर घातली गेली असंही काही अभ्यासक म्हणतात. 1 तीमथ्य 2:12 जास्त अवघड आहे, ते मी झटकून टाकत नाही. पण रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय सेविका फिबीपासून सुरू होतो, आणि प्रेषितांची कृत्ये 18मध्ये प्रिस्किल्ला नवऱ्याबरोबर अपुल्लोसारख्या विद्वानाला शिकवते.

कॅथलिक चर्चमध्ये स्त्रीला धर्मगुरुपद नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1994मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. वाचक आणि वेदीसेवक ही पदं मात्र 2021पासून रीतसर स्त्रियांनाही खुली झाली. सीएनआयमध्ये स्त्रिया पाळक होतात. दक्षिणेत सीएसआयने (चर्च ऑफ साउथ इंडिया) 2013मध्ये नंद्यालला स्त्री बिशप नेमली. ब्रदरन आणि काही पेंटेकॉस्टल मंडळ्या आजही नाही म्हणतात. तुमच्या मंडळीची घटना काय म्हणते ते पाळकांना विचारा. पण बायकांना शास्त्र समजत नाही असं महाराष्ट्रात तरी कोणी बोलू नये. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्याचे छपाईचे खिळे मुलींनी जुळवले.

डोक्यावर पदर सक्तीचा आहे का? (शरणपूर रोड)

नाही. आवडत असेल तर घ्या.

नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला. बायकोने त्याच्यामागे गेलंच पाहिजे, असं दीर म्हणतात. (मखमलाबाद)

अजिबात नाही. 1 करिंथ 7 वाचा, विश्वास न ठेवणारी पत्नी सोबत राहायला राजी असेल तर पतीने तिला सोडू नये, इतकंच पौल म्हणतो. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक पाहा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा, त्यांचा 1900चा, स्वतःचं मन झाल्यावर.

शास्तेचा 19वा अध्याय वाचून झोप उडाली. बायबल बायकांना न्याय देतं असं कुठल्या तोंडाने म्हणता? (कॉलेज रोड)

सरसकट मी तसं म्हणत नाही. त्या अध्यायात लेवी वंशातला एक माणूस आपली उपपत्नी जमावाच्या हवाली करतो आणि ती मरते. ही गोष्ट आदर्श म्हणून सांगितलेली नाही. जो तो आपल्या मनाला येईल ते करत असे, या आरोपावर ते पुस्तक संपतं. पण अनुवाद या पुस्तकातलं 22:28-29 ही गोष्ट नव्हे, नियम आहे. मुलीवर बळजबरी करणाऱ्याने बापाला पन्नास शेकेल द्यावेत आणि तिच्याशी लग्न करावं. त्या काळात अशा मुलीला दुसरा आधार नसे, हे स्पष्टीकरण मला माहीत आहे. तिला मात्र कोणी विचारत नाही. मला तो नियम अन्यायाचा वाटतो आणि वर्गातही मी तसंच सांगते. त्याच बायबलमध्ये दबोरा न्यायनिवाडा करते, आणि मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ घेऊन योशीया राजाची माणसं हुल्दा या संदेष्टीकडे जातात. दोन्ही वाचावं लागतं. एकटीने वाचवत नसेल तर अभ्यासगटात या.

वडील वारले. निफाडकडे द्राक्षबाग आहे. भाऊ म्हणतो, बायबलमध्ये वारसा मुलग्यांचा, सही करून टाक. (ओझर)

गणना 27मध्ये सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेपुढे उभं राहून जमीन मागितली आणि देव म्हणाला, त्यांचं बरोबर आहे. मात्र त्यांना भाऊ नव्हता, आणि 36व्या अध्यायात त्यांना वंशातच लग्न करण्याची अट पडली. भावाने वाचलं असतं तर हेच पुढे केलं असतं. मग त्याला ईयोब 42:15 दाखवा, तिथे बाप मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन देतो.

पण सातबारा बायबलवर चालत नाही. ख्रिस्ती माणसाला 1925चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलगे आणि मुली यांना सारखं. मृत्युपत्र असेल, किंवा कुटुंब अनुसूचित जमातीतलं असेल, तर हिशोब बदलू शकतो, म्हणून आधी वकिलाला कागद दाखवा. तोवर हक्कसोडपत्रावर सही करू नका, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर तर नाहीच. तलाठी कार्यालयात वारस नोंदीचा फेरफार पडलाय का ते उद्याच पाहा. पडला असेल तर हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. नोटिशीची मुदत पंधरा दिवसांची असते. तुमच्या पत्रावरची तारीख गेल्या आठवड्यातली आहे.