अँजिओग्राफी नॉर्मल, छातीत दुखणं चालूच आणि एचएस-सीआरपी ४.६: आईच्या हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज आहे असं समजायचं का?

एचएस-सीआरपी म्हणजे शरीरात कुठेतरी सूज आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी. त्या एका आकड्यावरून तसं म्हणता येणार नाही. पण 'अँजिओ नॉर्मल, म्हणजे हृदयाचं काही नाही' असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते त्याहून चूक आहे, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

मी ठाण्यात, नौपाड्याला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सीआरपी रोज हाताखालून जातो. हा त्रास मात्र माझ्या ताईचा. जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना ती मध्येच थांबायची. पिशवी पायाशी ठेवून एका हाताने कठडा धरायची, दुसऱ्या हाताची मूठ छातीच्या मधोमध दाबायची. मागचे लोक कुरकुरत बाजूने जायचे. थांबल्यावर दुखणं लगेच जायचंही नाही, बराच वेळ रेंगाळायचं. अँजिओग्राफीत एकही ब्लॉक निघाला नाही. भावोजींनी फाइल कपाटात टाकली आणि निकाल दिला, "सगळं मनाचं आहे. रिकामी बसू नकोस." दिवसभर घर ओढणाऱ्या बाईला हे ऐकवलं.

पुढे एका तपासणीत तिचा एचएस-सीआरपी ५.८ आला आणि भावोजी एका रात्रीत बदलले. कागदावर ठळक अक्षरात आकडा दिसला ना! मी तेव्हाच म्हटलं, तिची दाढ सुजलीय, आधी ती बघा. दाढ काढली, काही आठवड्यांनी परत रक्त दिलं, १.४. झालं, "बघ, बरी झालीस." ताई अजून त्याच जिन्यावर थांबत होती. आकडा चढला तेव्हा तिचं दुखणं खरं ठरलं, उतरला तेव्हा खोटं. तिला विचारलं कोणीच नाही.

सीआरपी यकृतात तयार होतो, मुख्यतः इंटरल्युकिन-६ (सुजेचा संदेश नेणारं प्रथिन) वाढलं की. सूज कुठे आहे हे तो सांगत नाही. हिरड्या, सांधे, पोटावरची चरबी, नुकताच येऊन गेलेला ताप, कशानेही चढतो. हृदयाच्या धोक्यासाठी १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त असं धरतात. १० च्या वर असेल तर आधी संसर्ग शोधायचा. तब्येत ठीक असताना दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून सरासरी घेतात. रिपोर्टवरचं एकक वाचा: मिलिग्रॅम प्रति लिटर की प्रति डेसिलिटर, यात दहापटीचा फरक पडतो. वरचे आकडे लिटरचे आहेत.

सूज आणि या दुखण्याचा संबंध खोटा नाही. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत. त्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि त्या सैलावतात. सूज रेंगाळली की ते कमी पडतं, मग जिना चढताना रक्तप्रवाह हवा तेवढा वाढत नाही. १९७३ मध्ये या प्रकाराला 'सिंड्रोम एक्स' हे नाव मिळालं. अशा रुग्णांत सीआरपी वाढलेला असू शकतो हे अभ्यासांत दिसलंय. ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि ल्युपस या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजारांच्या रुग्णांतही या बारीक वाहिन्या बिघडलेल्या सापडतात. पण तो गटाचा हिशेब झाला. एका माणसाचं निदान त्यावर होत नाही.

निदान प्रवाह मोजूनच होतं. ताईचं शेवटी मुंबईत हृदयाच्या रक्तवाहिनीत बारीक वायर घालून केलं. कोरोनरी फ्लो रिझर्व्ह, म्हणजे गरज पडल्यावर हृदयाचा रक्तप्रवाह किती पट वाढतो तो आकडा, १.७ आला, २ च्या खाली म्हणजे बिघाड. त्यानंतर औषधं बदलली आणि आता ती पूल न थांबता चढते. स्कॉटलंडमधल्या 'कॉरमिका' चाचणीत, २०१८ मध्ये, हेच दिसलं होतं: आधी अशी तपासणी करून त्यानुसार औषध दिलं की छातीत दुखणं कमी होतं. भावोजींनी 'मनाचं' हा शब्द अजून मागे घेतलेला नाही. म्हणून तुम्हाला सांगते, रिपोर्ट तोंडावर फेकून घरातल्यांना पटवायला जाऊ नका. सीआरपी उद्या उतरला की तेच लोक तोच कागद तुमच्यावर उलटवतील.

मी डॉक्टर नाही, हेही सांगून ठेवते. वायरची तपासणी सगळ्यांनाच लागते असं नाही, पेट स्कॅन किंवा स्ट्रेस एमआरआयवरूनही प्रवाह कळतो, कुठली करायची ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आधी बघून घ्या. सूज उतरवायला कोल्चिसीन वगैरे मनाने सुरू करू नका. बसल्या जागी दुखायला लागलं, घाम फुटला, तर सीआरपीच्या नादी न लागता थेट कॅज्युअल्टीत न्या, तिथे ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) बघतील.

पुढच्या वेळी जाताना आईकडून लिहून घ्या: काय करताना दुखलं, कुठवर गेलं, थांबल्यावर किती वेळ राहिलं. आणि डॉक्टरांसमोर तिलाच बोलू द्या. आमच्याकडे दर वेळी भावोजी बोलायचे, आणि "थोडंसं दुखतं म्हणते" एवढंच सांगायचे.