कॅलिफोर्नियात नवी गाडी घेतली, एकाच बिघाडासाठी चार वेळा डीलरकडे नेली. आता लेमन लॉखाली (वारंवार बिघडणारी सदोष गाडी घेतलेल्या ग्राहकाला संरक्षण देणारा कायदा) पैसे परत मिळतील का?

मिळू शकतात, आणि तुमची बाजू मला भक्कम वाटते. तिथला कायदा 1970चा, साँग-बेव्हरली. पहिल्या 18 महिन्यांत किंवा 18,000 मैलांत (जे आधी होईल ते) एकच दोष चार वेळा दाखवूनही गेला नाही, तर गाडी 'लेमन' असल्याचं गृहीत धरतात. ब्रेक, स्टिअरिंगसारखा जिवावर बेतणारा दोष असेल तर दोनच फेऱ्या पुरतात. एकूण 30 दिवसांपेक्षा जास्त गाडी गॅरेजात पडून राहिली, तरीही तेच.

सगळा खेळ कागदांचा आहे. प्रत्येक फेरीची रिपेअर ऑर्डर, म्हणजे तक्रार आणि दुरुस्तीची नोंद असलेला कागद, मागून घ्याच. 'आम्हाला दोष आढळला नाही' म्हणाले तरी तसं लिहून घ्या. तीही फेरी म्हणून मांडता येते. तक्रार दरवेळी त्याच शब्दांत नोंदवा, नाहीतर कंपनी 'हे वेगवेगळे बिघाड आहेत' म्हणते.

मग डीलरला नव्हे, थेट उत्पादक कंपनीला लेखी कळवा. परतफेडीतून वापराचे पैसे वजा होतात. समजा गाडी 36,000 डॉलरची आणि पहिल्या दुरुस्तीला नेली तेव्हा 6,000 मैल झाले होते. कायद्याच्या सूत्रानुसार 6,000 भागिले 1,20,000, गुणिले गाडीची किंमत 36,000, म्हणजे 1,800 डॉलर कापले जातील.

वकिलाच्या फीला घाबरू नका. दावा जिंकलात तर ती कंपनीनेच भरायची असते. मात्र 2025पासून अनेक कंपन्यांसाठी मुदतीचे नियम कडक झालेत, त्यामुळे वॉरंटी संपायची वाट पाहू नका.