जेली करायला एवढं शिकायचं?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र कळव्याहून आलंय म्हणून खरं सांगायचं तर आधी उघडलं, मी खारेगावचाच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, यांची लेक एस.वाय. बीएस्सीला आहे, केमिस्ट्री घेऊन, कॉलेजच्या सेमिनारमध्ये ज्येष्ठमधापासून आपोआप बनणाऱ्या हायड्रोजेलबद्दल ऐकून आली आणि तेव्हापासून एमएस्सी, पीएचडी याशिवाय दुसरं बोलत नाही. मामा म्हणतो जेली करायला एवढं शिकायचं? त्यापेक्षा क्वालिटी कंट्रोलचा डिप्लोमा लावून टाका, रबाळे-महापेला कुठेही चिकटेल. आणि त्या डिप्लोमाची फी पुढच्या आठवड्यात भरायचीय, तर भरू का, असं ताई विचारतायत.

मामाचं एक बरोबर आहे, जेलीच आहे ती. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, आणि त्याला धरून ठेवणारं बारीक धाग्यांचं जाळं. आपण चायना ग्रास उकळून थंड करतो तेव्हाही हेच होतं, फक्त त्यात रेणूंच्या साखळ्या आधीपासूनच लांब असतात. ज्येष्ठमधाच्या गोडव्यामागचा जो ग्लिसरायझिक अ‍ॅसिड नावाचा पदार्थ आहे तो म्हणजे सुटे मणी, एकेक छोटा रेणू, त्याची एक बाजू पाण्याला चिकटणारी आणि दुसरी तेलकट, पाण्यापासून पळणारी. गरम पाण्यात विरघळवून थंड होऊ दिलं की तेलकट बाजू एकमेकींना बिलगतात आणि मण्यांचे धागे होतात, मधे दोरा कुणी ओवलेला नसतो. आजी रिठ्याने केस धुवायची ना, त्या फेसामागेही असाच दोन स्वभावांचा रेणू, दोघं एकाच जातीचे, सॅपोनिन म्हणतात.

आता याचं पुढे काय होतं, तर हे धागे कमकुवत बंधांनी धरलेले असतात, त्यामुळे उष्णता, मीठ, आंबटपणा बदलला की जेल बनतं किंवा मोडतं, म्हणून औषध हळूहळू सोडायला, जखमेवर लावायला यांच्यावर संशोधन चालतं. आरएडीए१६ म्हणून सोळा अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांचा, एक तुकडा आहे, तो रक्ताला लागला की जेल होतो, सर्जरीत रक्त थांबवायला तो वापरतातही. पण ज्येष्ठमधवालं बरंचसं अजून लॅबमध्येच आहे. झाडातून काढलेला माल प्रत्येक वेळी सारखा येत नाही, आणि असली जेल बऱ्याचदा नाजूक, हलवली की फुटते. मी तीन वर्षं तुर्भ्याला एका कारखान्यात होतो, तिथे जेल म्हणजे कार्बोपोल नावाच्या पॉलिमरची पावडर पाण्यात भिजवायची आणि आंबटपणा मारायला ट्रायइथेनॉलअमाइन टाकायचं, बघता बघता घट्ट. बाजारातली बरीचशी जेल आजही अशीच बनतात. म्हणून लेकीला सांगा, ‘सेल्फ असेंब्ली’, म्हणजे हे आपोआप जुळणं, या नावाची पोस्ट कुठे निघत नाही. नोकरी मिळते ती फॉर्म्युलेशन, म्हणजे घटक जुळवून माल बनवणं, येणाऱ्याला, एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आणि ऱ्हिओमीटर (घट्टपणा मोजणारं) चालवता येणाऱ्याला.

आणि मामाला सांगा, आज लोक डोळ्यात घालतात त्या सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सही हायड्रोजेलच आहेत. ओटो विख्तर्ले नावाच्या चेक केमिस्टने 1961 च्या ख्रिसमसला घरात बसून मुलाच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून त्या लेन्स ओतायचं यंत्र केलं होतं.

डिप्लोमा वाईट नाही, पण आत्ता, टी.वाय. तोंडावर असताना, अजिबात नको. तो एमएस्सीनंतर सहा महिन्यांतही होतो, बीएस्सीचे मार्क मात्र परत मिळत नाहीत. टी.वाय.च्या फेब्रुवारीत तिला जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊ द्या, त्यातून पवईच्या आयआयटीचं एमएस्सीचं दार उघडतं, कांजूरमार्गला उतरून रिक्षा, घर सोडायची गरज नाही. माटुंग्याची आयसीटी ही केमिकल टेक्नॉलॉजीची संस्थाही लिस्टमध्ये ठेवा, रंग, औषधं, पॉलिमर यांच्यात मुरलेली जागा आहे ती, तिथल्या पोरांना कंपन्या ओळखतात. एमएस्सीनंतर नेट या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी फेलोशिप, मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी 42,000. म्हणजे घरातून पैसे घालून पीएचडी करायची नाहीये. पण पाच वर्षं जातात, कधी सहा, आणि शेजारची पोरगी तेवढ्यात दोनदा जॉब बदलून फ्लॅट बुक करते, ते तुम्हाला आणि तिलाही सहन झालं पाहिजे. एमएस्सी करून तिथेच थांबली तरी काही बिघडत नाही.

तिला हे आवडलंय की नुसता सेमिनार आवडलाय हे मला पत्रावरून कळत नाही. म्हणून एक काम द्या. चायना ग्रास आणा, चार सारख्या वाट्या, पाणी मोजून. एकीत एक ग्रॅम, एकीत दोन, एकीत दोन ग्रॅम पण लिंबू पिळून उकळलेलं, एकीत दोन ग्रॅम आणि लिंबू गॅस बंद केल्यावर. थंड झाल्या की वाटी उलटी करायची आणि घड्याळ लावून बघायचं कोण टिकतं, कोण पाझरतं, कोण सरळ पडतं. लिंबू घालून उकळलेली ढिली पडणार, आंबटात उकळलं की साखळ्या तुटतात. लॅबमध्येही काचेची बाटली उलटी करून हेच बघतात हो, पहिली टेस्ट तीच. असं दहा दिवस, रोज एकच गोष्ट बदलून, वहीत तारीख घालून लिहायचं. चौथ्या दिवशी कंटाळून फोटो काढून स्टेटसला टाकलं तर मामाचं ऐका.

वही भरली तर ती घेऊन शनिवारी नौपाड्याला या, संध्याकाळी पाचनंतर मी असतो. डिप्लोमाची फी तोपर्यंत भरू नका, ते लोक शेवटची तारीख दोनदा तरी वाढवतातच.